अकरा बटणांचा हिशेब

"बाई गं, बटणं मोजायला मशीन? उद्या तांदूळ मोजायलाही कराल!"

गिरणीत दळणाचा डबा ठेवून उभी होते, तेव्हा एकीने असं म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मोहोळसारख्या गावात गोष्ट लपत नाही. सुताराकडे प्लायचे तुकडे मागितले की संध्याकाळपर्यंत नागनाथाच्या देवळापर्यंत बातमी पोचते. पण हसता हसता मनात टोचत होतं. हे मशीन मी कशासाठी करायला घेतलं होतं, ते त्या बायकांना माहीत नव्हतं. ते ठाऊक असतं तर त्यातल्या दोघीतिघी हसल्या नसत्या.

आधी माझा धंदा सांगते. सोलापूर हे शाळेच्या गणवेशांचं शहर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथले शिवलेले शर्ट काज झाले की बटणं लावायला आणि धागे तोडायला बाहेर जातात. आमच्याकडे तशा नऊजणी हे काम करतात. मी सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याकडून माल आणते, घरोघरी वाटते, पुरा झाला की गोळा करून पोचवते. शर्टामागे चार रुपये त्यांचे, वरचं थोडं माझं. म्हणजे मी मालकही नाही आणि मजूरही नाही, मधली बाई. मधल्या बाईला दोन्हीकडून बोलणी बसतात अशी माझी तेव्हापर्यंत समजूत होती.

एका शर्टाला आठ बटणं. पुढच्या पट्टीला सात, खिशाला एक. अठरा शर्टांचा एक गठ्ठा आणि त्यासोबत बटणांचं एक पाकीट. पाकिटावर लिहिलेलं असतं, 144. बारा डझन, ज्याला व्यापारी 'ग्रोस' म्हणतात. अठरा गुणिले आठ, एकशे चव्वेचाळीस. हिशेब इतका चोख की शंकेला जागाच नाही. बटणं उरायची नाहीत, कमी पडायची नाहीत. कमी पडली तर माझ्याकडच्या साठ्यातून मी द्यायची आणि बटणामागे एक रुपया मजुरीतून कापायची. हा नियम मीच केला होता. त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्यातली एकजण, तिला इथे मी नुसतं अक्का म्हणते, मागच्याच्या मागच्या मोसमात सांगायला लागली, "वैनी, बटणं कमी हायत." एकदा अकरा. परत अकरा. मग दहा. मी प्रत्येक वेळी वही काढली आणि कापून घेतले. चौथ्या वेळी ओट्यावर आणखी तिघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "अगं, बाकी कुणाची कमी होत नाहीत. तुझ्याच पाकिटातली कशी गं दर वेळी कमी होतात?"

अक्का काही बोलली नाही. अठरा शर्ट घडी घालून ठेवले, पदर सावरला आणि गेली. तो गठ्ठा धरून आणखी एक पाकीट झालं, त्यातही अकरा कमी. त्यानंतर ती आलीच नाही.

मैत्रिणींनो, मी मशीन करायचं ठरवलं ते इथून. चोर पकडायला! दुसरं कुठलंही थोर कारण नव्हतं. वाटलं, देताना समोर मोजून दिलं की पुढे कुणाला तोंड राहणार नाही. पण एकेक पाकीट हाताने मोजायला दोनतीन मिनिटं जातात, मधेच फोन वाजतो, दूध उतू जातं, आकडा विसरतो. मोसमात दिवसाला पंचवीस-तीस पाकिटं. म्हणून मशीन.

माझा भाचा डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. दिवाळीच्या सुटीत आला तेव्हा त्याला म्हटलं, "बटणं मोजून देणारं काहीतरी कर." त्याचे डोळे चमकले. "आत्या, दोन दिवसांत करतो." झाले दहा दिवस. ते दहा दिवस आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगण्यासारखं आहे.

पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून त्याने नरसाळं केलं. त्याखाली पत्र्याची एक बारीक पन्हळ, थोडी उतरती. पन्हळीला एक छोटी मोटर. मोटरच्या दांड्याला एका बाजूला नट बांधला, म्हणजे ती फिरली की पन्हळ थरथरते आणि बटणं एकामागे एक पुढे सरकतात. पन्हळीच्या टोकाशी सेन्सर: एका बाजूने डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, समोर तो टिपणारा डोळा. बटण मधून पडलं की प्रकाश तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. मोजायचं डोकं म्हणजे आर्डुइनो नावाची एक छोटी हिरवी-निळी पट्टी. सगळं मिळून हजाराच्या आत झालं.

पहिल्याच दिवशी हाताने तीनदा मोजलेली 144 बटणं टाकली आणि आकडा आला 190 च्या वर! घरात हसून हसून पुरेवाट. का, तर बटणाला चार भोकं असतात. पडताना भोकातून प्रकाश पलीकडे जातो आणि मशीनला वाटतं, एक बटण गेलं, दुसरं आलं. मग त्याने मशीनला सांगितलं, एकदा मोजलंस की क्षणभर डोळे मिटून घे. तर आता आकडा आला 131. कारण एकमेकांना चिकटून आलेली दोन बटणं एकच धरली जायला लागली. त्यावर त्याने जे केलं ते मला फार आवडलं. पहिल्या पन्हळीपुढे त्याने दुसरी, जास्त उताराची पन्हळ जोडली. पुढचं बटण उतारावर आलं की वेगाने घसरतं, मागचं अजून सपाटीवरच रेंगाळत असतं, दोघांमध्ये आपोआप अंतर पडतं. शाळेच्या घसरगुंडीवर पोरं चढताना खेटून असतात आणि उतरताना सुटी सुटी होतात, अगदी तसं.

एवढं जमलं आणि दुपारी पुन्हा घोटाळा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की आकडे वेड्यासारखे पळायचे. उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो म्हणे. चपलांच्या खोक्याला आतून काळा कागद लावून ते वर झाकलं, तेव्हा ते शांत झालं. मग दहा वेळा तीच 144 बटणं टाकली. आठ वेळा 144, दोन वेळा 143. भाचा खूश. मी पण.

तोपर्यंत मी आणि आमचे सुतार यांनी दुसरंच काहीतरी केलं होतं. ती वीज जाण्याच्या भीतीने केलेली सोय. एक फळी. बारा उभ्या, बारा आडव्या ओळी, 144 खळगे. शर्टाचं बटण 18 लाईनचं. बटणाचं माप लाईनमध्ये असतं आणि 40 लाईन म्हणजे एक इंच, म्हणून 18 लाईन म्हणजे साडेअकरा मिलिमीटरला किंचित कमी. सुतारांनी 12 मिलिमीटरची भोकं पाडली. आधी 6 मिलिमीटर जाड प्लाय घेतला, तर एकेका भोकात दोन दोन बटणं एकावर एक बसायची. मग 3 मिलिमीटरचा पातळ प्लाय घेतला, भोकं आरपार पाडली आणि खाली दुसरी फळी खिळ्यांनी ठोकली. आता एका खळग्यात एकच बटण मावतं. तीन बाजूंना पट्टी आणि एक कोपरा उघडा. खालच्या फळीला मी काळा ऑईल पेंट लावला. बटणं ओतायची, फळी हलवायची, जास्तीची बटणं हाताने कोपऱ्यातून वाटीत ढकलायची. पांढरी बटणं बसली की एखादा खळगा रिकामा असला तर काळा ठिपका सरळ डोळ्यात भरतो. मोजावं लागतच नाही. अर्धं-पाऊण मिनिट पुरतं, आणि खर्च दीडशे रुपये.

यात माझी हुशारी काही नाही. केरळात जुन्या काळी 'पणम्' नावाचं टिकलीएवढं नाणं होतं. ते बोटांत धरणंही कठीण, म्हणून तिथे खळग्यांची लाकडी फळी वापरत आणि मूठभर नाणी ओतून क्षणात मोजत. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही भोकांच्या फळ्या असतात. उगवण पाहायला 400 दाणे लागतात, शंभर शंभराचे चार वाटे. आमच्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी 35-1 आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. तिच्यासारख्या वाणाची पारख करतानाही दाणे मोजून त्यांचं वजन करावं लागतं. तांदूळ मोजाल म्हणून हसणाऱ्या बाईला मी हे सांगणार होते, राहून गेलं.

असो. खरी गोष्ट पुढे आहे.

नव्या मालातलं पहिलं पाकीट मी फळीवर ओतलं. अकरा खळगे काळे. वाटलं, फळी चुकली. भाच्याच्या मशीनमधून काढलं: 133. हाताने मोजलं: 133. दुसरं पाकीट: 134. तिसरं: 133. बंद पाकिटं, सोलापुरातून आली तशी, अजून कुणाच्या हाताला लागली नव्हती. कपाटात जुन्या मालातली चार पाकिटं पडली होती, ती उघडली. एकात 144, एकात 145, एकात 143, एकात पुन्हा 144.

मी खुर्चीत बसले. काही सुचेना.

मग स्वयंपाकघरातला काटा आणला. जुनं पाकीट, 36 ग्रॅम. नवं पाकीट, तेही 36 ग्रॅम. भाचा म्हणाला, "आत्या, हे मोजलेलंच नाहीये. हे वजन केलंय." दोन्हीतली बटणं शेजारी ठेवली. रंग तोच, गोलाई तीच, भोकं चार. पण उभी धरून पाहिली तर नवं बटण जरासं जाड. अगदी जरासं. जुनं बटण पाव ग्रॅमचं: चार बटणांना एक ग्रॅम. 36 ग्रॅमला 144. नवं बटण साधारण 0.27 ग्रॅमचं. 36 भागिले 0.27 करून बघा. 133.

मोसमात अक्काला गेलेली पाकिटं याच जाड बटणांची होती, हे मी वहीतल्या तारखा आणि माल लावून पाहिलं. ती खरं सांगत होती. अकरा म्हणजे अकरा.

मी सोलापूरला गेले. व्यापाऱ्याकडचा पोरगा काट्यावर 36 चा आकडा आला की पाकीट बांधत होता. व्यापारी म्हणाले, "ताई, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, चुकेल कसा?" काटा चुकला नव्हताच. त्यांनाही बटणं किलोवर येतात. जाड बटण आलं तर त्यांनाही किलोमागे कमीच मिळतात. म्हणजे या सगळ्यात चोरी कुणीच केली नव्हती. फक्त त्या चुकीचे पैसे एकटीनेच भरले होते, साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईने. अठरा शर्टांचे बहात्तर रुपये, त्यातून अकरा वजा.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही, आणि तीच सांगायला आज लिहिते आहे. बाईला सामान दिलं जातं वजनाने आणि तिच्याकडून माल घेतला जातो मोजून. मधला फरक तिच्या पदरात.

माझं माहेर सोलापूरचं. लहानपणी शेजारी घरोघरी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, हातात कात्री, आणि बोलता बोलता बोटं पंचवीसचा कट्टा अचूक बांधायची, न पाहता. तिथेही तेच. तेंदूची पानं वजनावर मिळणार, विड्या हजारावर मोजून द्यायच्या. पानं सुकी, फाटकी निघाली तर हजार कुठून भरणार? बायका पदरच्या पैशांनी पानं विकत आणायच्या. मग तपासणारा विडी विडी पाहणार आणि वाईट म्हणून बाजूला काढणार, त्याला 'छाट' म्हणतात. ती किती काढायची, हे त्याच्या मनावर! शेवटी कायद्याला मधे यावं लागलं. 1966 मध्ये विडी कामगारांसाठी कायदा झाला, आणि त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत लिहिलं गेलं की सामान्यपणे शंभरात पाचापेक्षा जास्त विड्या छाट म्हणून काढता येणार नाहीत, आणि ज्या काढल्या त्यांत बाईचा मुद्दाम निष्काळजीपणा नसेल तर त्यांचीही अर्धी मजुरी द्यावी लागेल. मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले. 1974 मध्ये कोर्टाने हा कायदा आणि नियम उचलून धरले. विचार करा, विडीसारखी क्षुल्लक गोष्ट कशी मोजायची, हा प्रश्न देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेला! याच सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी पुढे भांडून घरं मिळवली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये उभी राहिली.

पण विडीला निदान नियम तरी होता. आमच्या बटणांना, टिकल्यांच्या पाकिटांना, माळा ओवायच्या मण्यांना कुठला नियम? आणि शिवारातली गोष्ट घ्या. ऊसतोडीला गेलेल्या जोडीची मजुरी टनावर, आणि काटा कारखान्याच्या गेटावर. ती बाई फडात, तिचा ऊस काट्यावर. आकडा तिला दुसराच कुणीतरी येऊन सांगणार.

"तुम्ही मशीन आणलं म्हंजे आमच्यावर विश्वास न्हाई," असं एकजण मला म्हणाली. तिचं बरोबरच होतं, विश्वास नव्हताच माझा. पण मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं, नवं पाकीट सगळ्यांसमोर फळीवर ओतलं आणि अकरा काळे खळगे दाखवले. कुणी काहीच बोलेना. मला वाटलं, चिडल्या असतील. मग सगळ्यांत वयस्कर मावशी हळूच म्हणाल्या, "आम्हाला म्हाईत हाय की."

माहीत आहे? म्हणजे?

बटणं सगळ्यांचीच कमी पडत होती. कुणी नवऱ्याच्या जुन्या शर्टाची काढून लावली होती, कुणी बाजारातून डझनावारी विकत आणली होती. माझ्यासमोर येऊन 'कमी आहेत' म्हणायचं आणि चोर ठरायचं, त्यापेक्षा दहा रुपये गेले तरी परवडले! बोलली ती एकटी अक्का. आणि एकटी बोलली म्हणून मी तिला खोटी ठरवलं. "बाकी कुणाची कमी होत नाहीत" हे माझं वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या दिवशी भाच्याचं मशीनही सगळ्यांना दाखवलं. लाल आकडे पळताना पाहून पोरंटोरं नाचली. बायकांनी कौतुक केलं. पण रोजच्या देण्याघेण्याला यातलं कुठलं वापरायचं असं विचारलं, तर एकमताने फळी! भाचा जरा हिरमुसला. "आत्या, माझं जास्त फास्ट आहे." त्यावर एकीने विचारलं, "व्हय रे बाळा, पर ह्यानं चुकीचं सांगितलं तर भांडायचं कुणाशी?"

याला उत्तर नाही, निदान माझ्याकडे तरी. मशीन आकडा सांगतं, फळी रिकामा खळगा दाखवते. मशीनवर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो ठेवायचा म्हणजे ज्याने ते केलं त्याच्यावर, ज्याच्या घरात ते आहे त्याच्यावर ठेवायचा. फळीसमोर दोघी बसतात, दोघींना एकच दिसतं, लिहिता-वाचता येत नसलं तरी दिसतं. आता तर मोबाईलने फोटो काढून वस्तू मोजणारी अ‍ॅप निघाली आहेत, तीही भाच्याने दाखवली. चांगली आहेत. पण मोबाईल माझ्या हातात असतो, अक्काच्या नाही. आमच्या आजोळी धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन... आणि मोठ्याने म्हणत, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांना ऐकू जाईल असं. मापारी हळू आवाजात मोजायला लागला की आजी म्हणायची, "घसा बसलाय का रे?"

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे. ज्या घरात तुकड्यावर काम येतं, त्या घरात मोजायचं स्वतःचं साधन हवं, आणि सामान घेतानाच ते वापरायचं, काम झाल्यावर नाही. 'आपल्यातच आहे, कशाला मोजायचं' ही भीड सोडा. भीड सोडायची पहिली जबाबदारी देणारीची, कारण घेणारी ती सोडू शकत नाही. माझ्याकडे नऊजणींनी दोन वर्षं सोडली नाही ती काही उगीच नाही.

फळी सगळ्याला चालत नाही, हेही सांगते. ब्लाऊजचे हुक एकमेकांत अडकतात, खळग्यात बसत नाहीत. तिथे वजनच करावं लागतं. पण मग नीट करा. घरच्या काट्यावर एक ग्रॅमच्या खालचं दिसत नाही. दहा बटणं ठेवली तर खरं वजन अडीच ग्रॅम, काटा दाखवणार दोन किंवा तीन. त्यावरून 36 ग्रॅमचं पाकीट मोजायला गेलात तर एकदा 180 येतील, एकदा 120! शंभर नग हाताने मोजून त्यांचं वजन करा. मग चुकून अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी 144 ला तीनच बटणांचा फरक पडतो. आणि माल बदलला, लॉट बदलला, की शंभर पुन्हा मोजा, दिसायला तोच असला तरी. आमचं सगळं रामायण या एका गोष्टीवरून घडलं. आमचे व्यापारी आता तसं करतात, एवढं मात्र त्यांनी ऐकलं. आधीच्या पाकिटांचं काही भरून द्यायला ते तयार झाले नाहीत.

ते मी दिलं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले पैसे होते तेवढ्यांचा हिशेब सोपा होता. ज्यांनी गुपचूप विकत आणून बटणं लावली त्यांची नोंद कुठेच नव्हती. त्यांना म्हटलं, तुम्ही सांगाल तो आकडा. कुणी तीस सांगितले, कुणी पन्नास, मावशींनी बारा. मी न मोजता दिले, या वेळी त्यांची मोजणी खरी धरायची पाळी माझी होती.

अक्काचे झाले चोपन्न. पाच पाकिटांचे चोपन्न रुपये. ते घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा ती निवडायला घेतलेली मेथी घेऊन दारातच बसली होती. बस म्हणाली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जाड बटणाचं, काट्याचं, फळीचं. माफी मागितली. तिने पैसे घेतले, मोजले, कनवटीला लावले. म्हणाली, "चारचौघींत बोललात तवा, वैनी. आत्ता घरात येऊन सांगताय."

दुसऱ्या दिवशी मी तेच ओट्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं. ती तिथे नव्हती. तिला ते कळलं असेल, आमच्याकडे कळतंच. कामाला मात्र ती परत आली नाही. डाळिंबाच्या पॅकिंगला जाते आता.

परवा तिची सून आली. ती मण्यांचं काम घेते, माळा ओवायचं. सासूने विचारायला सांगितलंय म्हणाली, बटणांसारखी फळी मण्यांना होईल का? मण्याला भोकं बारीक लागतील आणि प्लायही जरा पातळ. नमुना दे म्हटलं तर पदराच्या टोकातून कागदाची पुडी काढून दिली. पुडीवर पेन्सिलीने 20 लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी ताटात ओतून ते मोजले आणि पुडी सुतारांकडे दिली. शंभराची फळी करायला सांगितली आहे. लग्नसराई आहे, कपाटांच्या ऑर्डरी आहेत, आठ दिवस लागतील म्हणाले.